निकालापासूनचे साठ दिवस: धाकट्या भावाच्या फौजदारी अपिलाचा अनुभव

घरातल्या माणसाला सत्र न्यायालयात शिक्षा झाली की पहिले चार-आठ दिवस कुणाचंच डोकं चालत नाही. अपिलाची मुदत मात्र त्याच दिवसापासून सुरू झालेली असते. गेल्या वर्षी आम्ही यातून गेलो. तेव्हा मराठीत कुणी सगळं क्रमानं लिहिलेलं मिळालं असतं तर खूप आधार वाटला असता, म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. तुमच्या प्रकरणात तुमच्या वकिलांचं म्हणणंच शेवटचं धरा.

भांडण २०१९ सालचं, शेताच्या बांधावरून झालेलं. समोरच्या माणसाच्या डोक्याला टाके पडले होते, तो बरेच दिवस दवाखान्यात होता. हे मी झाकून ठेवत नाही, त्या घरानंही खूप सोसलं आहे. माझा धाकटा भाऊ आणि आमचा चुलतभाऊ, दोघांवर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ चा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालला. आमचं म्हणणं सुरुवातीपासून एवढंच होतं की मारामारी झाली, पण जीव घ्यायचा हेतू नव्हता.

निकाल लागला शुक्रवारी, २० जून २०२५ ला. चुलतभाऊ निर्दोष सुटला, धाकट्याला दोषी धरलं. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर ऐकून घेतलं आणि पाच वर्षं सक्तमजुरी, दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने साधी कैद, असा आदेश झाला. सगळं इंग्रजीतून. न्यायाधीश साहेबांनी वाचलेलं आम्हाला नीट कळायच्या आत हवालदार धाकट्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, त्यावरूनच आम्ही काय ते समजलो. वहिनीनं त्याच्या हातात चष्म्याचं घर दिलं. तो मला एवढंच म्हणाला, “आक्का, पोरांच्या फीची तारीख तीस आहे.”

आमच्या तालुक्याच्या वकीलसाहेबांनी त्या गर्दीतच मला बाजूला घेतलं. “ताई, रडायचं ते घरी जाऊन रडा. आत्ता दोन कामं करायची. दंड भरायचा आणि नकलेचा अर्ज द्यायचा. आजच.” त्या वेळी ते बोलणं फार कठोर वाटलं. पण पुढे जे जे सुरळीत झालं, ते या दोन कामांमुळे.

दंड त्याच दिवशी भरून पावती घेतली. शिक्षेला स्थगिती मागताना दंड भरलाय का, हा प्रश्न येतोच. पावतीच्या झेरॉक्स काढून मूळ पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. त्यावरची शाई महिन्याभरात फिकी पडते.

आता नकलेचा अर्ज. निकालाची एक प्रत शिक्षा झालेल्या आरोपीला लगेच आणि फुकट द्यायची, असं कायद्यातच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३६३ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४०४ आहे. अपील करता येण्याजोगा निकाल असेल तर आरोपीनं अर्ज केल्यावर प्रमाणित नक्कलही विनामूल्य मिळते. आमच्या बाबतीत त्या दिवशी पूर्ण निकाल टाइप होऊन तयार नव्हता. शेवटच्या आदेशाचा भाग तेवढा हातात पडला, संपूर्ण प्रत धाकट्याला नंतर जेलमध्ये मिळाली. म्हणून वकीलसाहेबांनी प्रमाणित नकलेचा वेगळा अर्ज त्याच संध्याकाळी, कार्यालय बंद व्हायच्या आत दिला. निकालाबरोबर साक्षीदारांच्या जबान्या, पंचनामे, वैद्यकीय दाखले आणि आरोपीचा जबाब, या सगळ्याच्या नकलाही मागितल्या. त्यांचे पैसे पडतात. आम्हाला सगळे मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला.

घरी आल्यावर चुलतभावाच्या घरी एक सुटकेचा श्वास होता. तो आनंद उघड दाखवायची त्यांनाही लाज वाटत होती. पण त्याचंही काम पूर्ण संपलेलं नव्हतं. सुटण्याआधी त्याच्याकडून सहा महिन्यांचा जामीन लिहून घेतला होता, वरच्या कोर्टानं बोलावलं तर हजर राहीन असा. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला अपील करता येतं, त्याची मुदत ९० दिवसांची. शिवाय २००९ च्या शेवटी झालेल्या दुरुस्तीपासून पीडितालाही स्वतःहून अपिलाचा हक्क आहे. म्हणजे मुदत मोजणारी दोन घरं होती, एक आमचं आणि एक चुलतभावाचं.

मुदत किती, यावर त्या आठवड्यात आम्हाला प्रत्येकानं वेगळं सांगितलं. कुणी महिना म्हणालं, कुणी तीन महिने. वकीलसाहेबांच्या ऑफिसात बसून मी वहीत लिहून घेतलं ते असं. मुदतीचा कायदा १९६३ चा. त्याच्या मागच्या तक्त्यात अनुच्छेद ११५ आहे. शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायचं तर ६० दिवस. इतर कोर्टात, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायचं तर ३० दिवस. फाशीची शिक्षा असेल तरीही ३० दिवसच. लोक महिना म्हणतात ते बहुतेक तालुका कोर्टातल्या केसच्या अनुभवावरून आणि तीन महिने म्हणतात ते पुनरीक्षण अर्जाच्या मुदतीवरून, कारण ती ९० दिवसांची आहे. आपला निकाल कोणत्या कोर्टाचा आणि जायचं कुठं, हे आधी विचारा. तारीख त्यावर ठरते.

आता मोजायचं कसं. निकालाचा दिवस धरायचा नाही. २१ जून पहिला दिवस धरला की साठावा दिवस येतो मंगळवार, १९ ऑगस्ट. त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला वेळ यातून वजा होतो, म्हणजे तेवढे दिवस मुदत पुढे सरकते. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं, ते कलम ४. पण वजा होतो तो नक्कल तयार व्हायला लागलेलाच वेळ. नक्कल तयार होऊन तशीच पडून राहिली तर ते दिवस आपल्या खात्यावर. अर्जच उशिरा दिला तर अर्जाआधीचे दिवसही आपल्याच खात्यावर. वकीलसाहेबांची घाई कशासाठी होती ते मला तेव्हा समजलं.

नक्कल हातात आली ७ जुलैला, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी. ती तयार झाल्याचं आम्हाला त्या सोमवारीच कळलं. मी पहिल्या पानापासून चाळायला लागले तर खिडकीतले कारकून म्हणाले, “बाई, शिक्का मागं असतोय बघा. तारखा तिथं बघायच्या.” शेवटच्या पानाच्या पाठीवर जांभळ्या शाईचा चौकोनी शिक्का आणि त्यात हातानं भरलेल्या तारखा: अर्ज दिला २०/६, नक्कल तयार ३/७, नक्कल दिली ७/७. खाली सही. सगळा हिशेब या शिक्क्यावर चालतो. २१ जून ते ३ जुलै असे तेरा दिवस वजा, म्हणजे आमची मुदत १ सप्टेंबरपर्यंत गेली. ३ ते ७ जुलैमधले दिवस मिळाले नाहीत. नक्कल घेताना शिक्क्यातल्या तारखा वाचता येतात का ते तिथंच बघा, ‘३’ आणि ‘८’ सारखे दिसत असतील तर तिथल्या तिथं ठळक करून घ्या. आणि नक्कल तयार झाल्याचा निरोप येईल म्हणून थांबू नका, स्वतः जाऊन चौकशी करत राहा.

वकीलसाहेबांचा हट्ट होता की हे तेरा दिवस हिशेबात धरायचेच नाहीत. १ सप्टेंबर ही तारीख गणपतीत येत होती, २७ ऑगस्टला चतुर्थी. त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरवर १९ ऑगस्टला लाल खूण केली.

मधल्या काळात धाकट्याला आधी सांगलीच्या जिल्हा कारागृहात आणि मग कोल्हापूरला कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात नेलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असती आणि आरोपी जामिनावर असता, तर अपील दाखल करेपर्यंत खालचं कोर्टच जामीन देऊ शकलं असतं. पाच वर्षांना ती सोय नाही. त्याच सुमाराला गावातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना चेक न वटल्याच्या केसमध्ये वर्षाची शिक्षा झाली. ते त्याच दिवशी घरी परत आले, कारण त्यांना तीस दिवसांसाठी शिक्षेला स्थगिती मिळाली होती. त्यांना सत्र न्यायालयात अपील करताना भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायचा आदेश झाला, चेकच्या केसमध्ये २०१८ पासून तशी तरतूद आहे. आमच्या घरातल्या लोकांना वाटायचं, त्यांना सोडलं मग याला का नाही? दोन्ही प्रकरणांचे नियमच वेगळे आहेत, हे घरातल्या वडीलधाऱ्या आण्णांना समजावताना मला फार जड गेलं.

उच्च न्यायालयातले वकील शोधणं हा वेगळाच अध्याय. तालुक्याच्या वकीलसाहेबांनी मुंबईत प्रॅक्टिस करणारे, मूळचे आमच्याच भागातले एक वकील सुचवले. फी साठ हजार, दोन हप्त्यांत. आम्ही दिली, पण सोन्याच्या दोन बांगड्या गहाण ठेवून दिली. हे मुद्दाम लिहितेय, कारण त्या वेळी आम्हाला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळायचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याचं कलम १२. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही तो हक्क आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, जेलमधूनही करता येतो, आणि चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. पुढे एका मुलाकातीत धाकट्यानं सांगितलं की त्याच्या बराकीतल्या बऱ्याच जणांची अपिलं अशाच वकिलांनी चालवलेली आहेत.

वकालतनाम्यासाठी, म्हणजे वकिलांना काम सोपवल्याच्या सहीच्या कागदासाठी, बरेच दिवस गेले. कैद्याची सही जेलमध्ये, तिथल्या अधिकाऱ्यांसमोर होते आणि त्यावर त्यांचा शिक्का पडतो. आमचा वकालतनामा सांगलीला पोचला तेव्हा धाकटा कळंब्याला गेलेला होता. मग नवा छापील फॉर्म, नवं पत्र. जुलैचा दुसरा आठवडा यात गेला. शिक्षा झाल्यावर कैद्याला मध्यवर्ती कारागृहात हलवतात हे धरूनच चाला. वकालतनाम्याचे दोन-तीन कोरे फॉर्म सहीसाठी एकदमच पाठवा, पुढे अर्जांना लागतात.

पहिली मुलाकात ऑनलाइन वेळ घेऊन झाली. मी, वहिनी आणि आण्णा. काचेपलीकडून फोनवर बोलायचं असतं. वहिनी बोलू शकली नाही, तिनं नुसता फोन कानाला धरून ठेवला होता. धाकटा मात्र नेमकं बोलला. निकालाची प्रत मिळाली, त्यावर सही घेतली, तारीख टाकली, असं त्यानं सांगितलं. हे वकिलांना कळवल्यावर त्यांनी मला १९७८ चा एक निकाल सांगितला, होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्या कैद्याला मुंबई उच्च न्यायालयानं १९७३ मध्ये शिक्षा दिली होती आणि तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिरा, निकालाची प्रतच हातात पडली नाही म्हणून. त्याची याचिका फेटाळली गेली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात सांगून ठेवलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि तातडीनं मिळाली पाहिजे, जेलनं ती पोचल्याची लेखी पोच घेतली पाहिजे आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो दिला पाहिजे. धाकट्यानं ज्या रजिस्टरवर सही केली, त्या सहीमागे हे सगळं आहे, हे कळल्यावर मला थोडं बरं वाटलं. एका अनोळखी माणसाच्या हरलेल्या प्रकरणातून माझ्या भावाला ती प्रत मिळत होती.

जेलमधूनही अपील करता येतं, हे इथंच सांगते. कैद्यानं अपिलाचा अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंगाधिकाऱ्यांकडे दिली की ते ती कोर्टाकडे पाठवतात. जुन्या संहितेत कलम ३८३, नव्या संहितेत ४२४. मुदत संपत आली आणि बाहेर धावपळ करणारं कुणी नसेल तर हा रस्ता आहे.

कागदांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त कष्ट भाषांतराला पडले. साक्षीदारांच्या जबान्या मराठीत, पंचनामे मराठीत आणि उच्च न्यायालयात ते इंग्रजीतून द्यावे लागतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांची साक्ष तेवढी इंग्रजी होती. भाषांतर आणि टायपिंग मिळून आम्हाला अकरा हजारांच्या आसपास खर्च आला. पंचनाम्यातले शब्द, ‘ताल’, ‘पांद’, ‘खोऱ्याचा तुंबा’, हे शहरातल्या भाषांतर करणाऱ्याला कळेनात. मी रविवारी बसून त्यांना फोनवर एकेक वस्तू समजावून सांगितली. ते गरजेचं होतं, कारण सगळा युक्तिवाद घाव कशाचा आणि कोणत्या बाजूनं बसला यावर होता. भाषांतर झाल्यावर घरातल्या कुणीतरी मूळ मराठीशी ताडून वाचावं. वकिलांना गावचा बांध माहीत नसतो.

आणि मग १ ऑगस्टला बातमी आली: मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, १८ ऑगस्टपासून कोल्हापुरात सुरू होणार. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे. या भागातल्या वकिलांनी आणि लोकांनी चार दशकं ज्यासाठी आंदोलनं केली ते झालं होतं, गावात पेढे वाटले जात होते. आमच्या घरात मात्र एकच प्रश्न होता: अपील आता मुंबईत द्यायचं की कोल्हापुरात?

मुंबईत दिलं असतं तर ते आपल्या जिल्ह्याचं म्हणून पुन्हा कोल्हापूरला वर्ग झालं असतं. त्यात फाइल यायला किती दिवस लागतील याचा अंदाज कुणालाच नव्हता. कोल्हापूरसाठी थांबायचं तर १८ तारखेला सोमवारी बेंच सुरू, १९ तारखेला आमचा साठावा दिवस, आणि त्याआधी १५ ऑगस्टपासून सलग तीन सुट्ट्या. वकील स्वतःही आता कोल्हापुरातच काम करणार होते. त्यांनी सांगितलं, “कागद १३ तारखेपर्यंत तयार ठेवू. सोमवारी ऑनलाइन चढवू, मंगळवारी प्रती देऊ. काही अडलं तर शिक्क्यातले तेरा दिवस आहेतच.” ते दिवस आधी न वापरता राखून ठेवण्याचा फायदा त्या वाक्यात होता. आमच्याकडे ती जागा नसती तर मला त्या तीन सुट्ट्यांत झोप लागली नसती.

रविवारी १७ तारखेला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मंगळवारी मी आणि आण्णा सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत पोचलो. पावसाची रिपरिप, नवा रंग, सहा जिल्ह्यांतली माणसं आणि कुठली खिडकी कशाची हे एकमेकांना विचारणारे वकील. तिथल्या कर्मचाऱ्यांनाही सगळं नवीनच होतं, तरी ती माणसं वैतागली नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास अपील आणि त्यासोबत शिक्षेला स्थगिती मागणारा अंतरिम अर्ज दाखल झाला आणि स्टॅम्प नंबर मिळाला. आण्णांनी तो नंबर आधी तंबाखूच्या पुडीवर आणि मग माझ्या वहीत लिहून घेतला.

स्टॅम्प नंबर म्हणजे अपील दाखल झाल्याचा पुरावा, मुदतीसाठी हीच तारीख महत्त्वाची. पण अपिलाचा खरा क्रमांक त्यानंतर पडतो. कार्यालय कागद तपासून हरकती काढतं. आमच्या हरकती साध्या होत्या: काही पानांची झेरॉक्स पुसट, एका जबानीचं भाषांतर राहिलेलं, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकलेले. त्या दूर करायलाही मुदत असते, ती उलटली तर अपिलाची नोंदणीच अडते. दाखल झालं म्हणून हुश्श करून बसू नका, आठवड्यानं वकिलांना हरकतींबद्दल विचारा. आमचा क्रमांक गणपतीनंतर पडला.

स्थगितीचा अर्ज पहिल्यांदा ११ सप्टेंबरला लागला. सरकारी वकिलांनी माहिती घ्यायला वेळ मागितला. २५ सप्टेंबरला आमचा नंबरच आला नाही, दिवसभर बसून परत. त्या दिवशी संध्याकाळी एसटीत आण्णा पहिल्यांदा माझ्यासमोर रडले. पंचाहत्तरीचा माणूस, “मी असेपर्यंत येतोय का गं तो?” असं विचारत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

८ ऑक्टोबरला सुनावणी झाली. आमच्या वकिलांचा भर दोन गोष्टींवर होता. एक, शिक्षा पाच वर्षांची म्हणजे ठरावीक मुदतीची. अपील ऐकायला यायच्या आत ती भोगून संपली तर अपिलाला काय अर्थ उरतो? सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई यांच्या प्रकरणात अशा मुदतीच्या शिक्षांमध्ये स्थगितीचा विचार उदारपणे करावा असं म्हटलं आहे. दुसरं, खटला चालू असताना धाकटा इतकी वर्षं जामिनावर होता, एकही तारीख चुकवली नाही. यासाठी आम्ही जुन्या हजेरीच्या तारखा काढून दिल्या होत्या. सरकारी वकिलांनी जखमेचं गांभीर्य सांगून विरोध केला. तेही त्यांच्या जागी बरोबर होते. आदेश झाला: अपील सुनावणीसाठी दाखल करून घेतलं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती, पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, फिर्यादी आणि साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही, दर तीन महिन्यांनी पोलीस ठाण्यात हजेरी.

आदेश मिळाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. जामीनदाराची कागदपत्रं खालच्या कोर्टात द्यावी लागतात. चुलत्यांचा सात-बारा, तहसीलमधून ऐपतीचा दाखला, आधार, फोटो, रेशनकार्ड. सात-बाऱ्यावर सोसायटीचा बोजा होता, त्यावरून प्रश्न निघाला, मग दुसऱ्या गटाचा उतारा दिला. सुनावणी लागल्याचं कळलं की जामीनदार ठरवून त्याचे ताजे उतारे काढून ठेवा, बोजा नसलेला गट बघा. सुटकेचा आदेश संध्याकाळी ठरावीक वेळेआत जेलमध्ये पोचला नाही तर सुटका दुसऱ्या दिवशी होते. धाकटा बाहेर आला १४ ऑक्टोबरला. बारीक झाला होता. घरी येऊन आधी म्हशीला पाणी पाजलं.

स्थगिती शिक्षेला मिळते, दोषसिद्धीला नाही. सरकारी नोकरी असेल किंवा निवडणूक लढवायची असेल तर दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचित मिळते. धाकटा शेती करतो, आम्ही ती मागितली नाही.

ज्यांची मुदत उलटून गेली आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर मला सगळ्यात जास्त माणसं विचारतात. साठ दिवस गेले म्हणजे दार बंद झालं असं नाही. मुदतीच्या कायद्याचं कलम ५ आहे, त्याखाली उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलासोबत द्यायचा. पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि ते कागदानिशी दाखवावं लागतं. आजारपण असेल तर दवाखान्याची कागदपत्रं, नक्कल उशिरा मिळाली तर शिक्का, पैशांची जुळवाजुळव करायला वेळ लागला तर तसं शपथपत्र, वकालतनामा जेलमधून यायला वेळ लागला तर पत्रांच्या तारखा. तारीखवार लिहा. ‘घरची परिस्थिती बिकट होती’ एवढ्यावर वकील तरी काय करणार? आम्ही वेळेत होतो, तरीही मी निकालापासूनची प्रत्येक तारीख, प्रत्येक पोच आणि प्रत्येक एसटीचं तिकीटसुद्धा ठेवलं होतं. तुरुंगात असलेल्या, शिकलेल्या नातेवाइकांचा आधार नसलेल्या माणसाचा उशीर कोर्टं बऱ्याचदा समजून घेतात, पण ते आपोआप होत नाही, अर्ज करावाच लागतो.

धाकट्याच्या बराकीत सोलापूरकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. शिक्षा लागून दीड वर्ष झालं होतं, अपीलच केलेलं नव्हतं. मुलगा बाहेरगावी, बायको अंगठा लावणारी. आता वेळ गेली असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं धरलं होतं. धाकट्यानं त्यांना जेलमधल्या विधी सेवेच्या माणसाकडे अर्ज द्यायला लावला. डिसेंबरमध्ये त्यांच्या पत्नीचा वहिनीला फोन आला, मोफत वकील मिळाले आणि उशीर माफीच्या अर्जासह अपील कोल्हापुरात दाखल झालं.

आमचं अपील प्रलंबित आहे. खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड मागवलं आहे, सुनावणीला काही वर्षंही लागू शकतात. मी दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर ई-कोर्ट्समध्ये केसचा नंबर टाकून बघते, कारण तारीख लागली तर फोन येईलच असं नाही. पुढची हजेरी जुलैमध्ये आहे, धाकट्यानं ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.